नवी रायफल आणि मिठाचं मडकं

एका गावात एक बंदूक होती. गावात माणसंही होती, चाळीस घरं होती, देऊळ होतं, दोन विहिरी होत्या. पण आपली गोष्ट बंदुकीपासून सुरू होते. गावाचं नाव काजरवणे. घाटाच्या पायथ्याशी वसलेलं, तिन्ही अंगांना रान. त्या रानात डुकरं फार. भात पिकायला आलं की ती कळपानं शेतात उतरायची आणि एखाद्या घराचा वर्षाचा दाणा सकाळपर्यंत चिखलात मिळवून जायची. म्हणून संस्थानच्या दरबारानं पिकं राखण्यासाठी गावाला एका बंदुकीचा परवाना दिला होता. एका गावाला एक बंदूक आणि ती चालवणारा एक शिकारी.

ती बंदूक ठासणीची होती. नळीत दारू भरायची, गोळी ठासायची आणि एकच बार काढायचा. चुकला तर पुन्हा ठासेपर्यंत डुक्कर पार डोंगरापलीकडे. चाळीस वर्षं ती धाकू आजानं चालवली. आजा बार थोडे काढायचा आणि वाट फार बघायचा, त्यामुळे त्याचा बार सहसा फुकट जात नसे.

गावाचा एक जुना रिवाज होता. जनावर जखमी होऊन रानात पळालं, तर ज्याचा बार असेल त्यानं अळणी धरायची. त्याच्या घरचं मिठाचं मडकं चुलीजवळून उचलून बाहेर ओटीवर ठेवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. जनावर सापडेपर्यंत ते मडकं आत न्यायचं नाही आणि घरात कोणी मीठ खायचं नाही. धाकू आजानं चाळीस वर्षांत सात वेळा अळणी धरली होती. त्याला तिची लाज वाटत नसे. मडकं स्वतः उचलून ठेवायचा आणि माग काढायला निघायचा. तरण्या बाप्यांना मात्र ही मोठी मानहानी वाटे. चूक एका बाराची, आणि तिचं मडकं गावभर दिसणार!

एका वर्षी दोन गोष्टी बरोबरच झाल्या. बंदुकीच्या नळीला चीर गेली आणि धाकू आजाच्या डोळ्यांवर पडदा आला. गाव देवळात बसलं. नवा शिकारी कोण, असं विचारल्यावर आजानं गुणाजीचं नाव घेतलं.

"त्याचा हात थरथरत नाय," आजा म्हणाला. "बाकीचा शिकंल."

गावानं दोन वर्षांचा हिरडा विकून पैसे जमवले होते. ते गुणाजीच्या हाती देऊन त्याला शहरात पाठवलं. गुणाजी तिशीचा, कष्टाळू, मनानं सरळ होता. एवढंच की त्याला कोणी चांगलं म्हटलं की तो जरा उंच दिसू लागे. हा दोष बहुतेकांत असतो, पण बहुतेकांच्या हाती कोणी बंदूक देत नाही.

शहरात तय्यबभाईंचं बंदुकांचं दुकान होतं. तय्यबभाई म्हातारे, कानाला थोडे जड, पण नजर तीक्ष्ण. त्यांनी गुणाजीला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "मारायचं काय?"

"डुक्कर."

"किती लांबून?"

गुणाजीनं विचार केला. करवंदीच्या जाळ्यांतून लांबचं दिसतंच कुठे? "तीस पावलं. कधी चाळीस."

तय्यबभाईंनी कोपऱ्यातल्या लाकडी घोडीवरून एक रायफल काढली. साधी, बोल्टची. बोल्ट मागे ओढला की काडतूस वर येई, पुढे सारला की नळीत बसे. खांद्याला लावायच्या लाकडी दस्त्यावर एक लांब ओरखडा होता. कोणाची तरी वापरलेली होती, पण नळी आतून आरशासारखी स्वच्छ होती. तय्यबभाईंनी गुणाजीचा हात कोपरात वाकवला आणि दस्त्याची मागची बाजू कोपराच्या वळणात टेकवली. बोट सहज घोड्यावर पडलं.

"ही तुमच्या हाताची आहे," ते म्हणाले. "आणि ही घेतलीत तर उरलेल्या पैशांत काडतुसांचे चार डबे येतील."

गुणाजी ऐकत होता, पण त्याचे डोळे भिंतीवर होते. तिथे दुसरी रायफल टांगली होती. तीही बोल्टचीच, पण तिचा दस्ता अक्रोडाचा, वेलबुट्टी कोरलेला, आणि वर पितळी कड्यांची दुर्बीण. कोणा साहेबानं मागवली होती आणि घ्यायला आलाच नव्हता.

"ती?" गुणाजीनं विचारलं.

तय्यबभाईंनी ती खाली काढून दिली. कोपराला लावली तेव्हा बोट घोड्यापर्यंत पोचायला खांदा पुढे काढावा लागला. ती उंच माणसासाठी बनवलेली होती.

"तुमच्या पैशांत ही बसते," तय्यबभाई म्हणाले. "पण मग काडतुसं पाचच मिळतील. शिकारीबुवा, बंदूक घेताना आधी काडतुसं मोजावीत. बंदूक नेम धरत नाही, हात धरतो. आणि हाताला फुकट शिकता येत नाही."

गुणाजीला हे पटलं. खरोखर पटलं. पण त्याला देवळापुढे जमलेलं गाव दिसत होतं. ओरखड्याची रायफल घेऊन गेलो तर लोक काय म्हणतील? दोन वर्षांचा हिरडा दिला आणि यानं दुसऱ्याची जुनी आणली! त्यानं दुर्बिणीतून एकदा रस्त्यापलीकडच्या घराकडे पाहिलं. कौलावर बसलेल्या कावळ्याचा डोळा दिसला. झालं, तिथेच ठरलं.

गावात रायफलीला कुंकू लावलं, नारळ फोडला. मानाचे बार म्हणून गुणाजीनं दोन काडतुसं आभाळात उडवली. मग अख्खं गाव रांगेनं दुर्बिणीतून डोंगराचा कडा बघून गेलं. गुणाजी त्या दिवशी चांगलाच उंच दिसत होता.

शेवटी धाकू आजा आला. सून चंद्रा त्याच्या काठीचं टोक धरून त्याला घेऊन आली. तीच आता त्याचे डोळे होती. आजानं रायफल हातात घेतली, दस्त्यावरून बोटं फिरवली, मग गुणाजीचा हात कोपरात वाकवून दस्ता तिथे टेकवला.

"लांब हाय रे ही. तुज्या हाताला लांब हाय."

"सवय व्हईल, आजा."

"काडतुसा किती आनलीस?"

"पाच. दोन मानाला गेली. तीन हायत."

आजानं रायफल त्याच्या हाती परत दिली. मग म्हणाला, "मंग सवय कशानं व्हनार?"

लोक हसले. आजाला नव्या वस्तूची पारख नाही, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. गुणाजीही हसला, पण ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं. उरलेली तीन काडतुसं नेम शिकण्यात घालवावीत तर शिकारीला काय उरणार? म्हणून त्यानं एकही उडवलं नाही. रोज तेल लावून रायफल पुसायचा आणि परत ठेवायचा.

आश्विनात भात पिवळं पडलं आणि डुकरं उतरू लागली. गावानं हाका काढला. पंचवीस बाप्ये डबे बडवत, ओरडत रान उठवत आले आणि गुणाजी खालच्या खडकावर बसला. एक मोठा नर करवंदीतून नीट समोर आला. पस्तीस पावलं असेल. गुणाजीनं दुर्बिणीला डोळा लावला. आत नुसती पानंच पानं दिसली, हिरवी, थाळ्याएवढी. डुक्कर कुठे गेलं कळेना. त्यानं नळी हलवली, काळं काहीतरी दिसलं, खांदा पुढे काढून घोडा ओढला. लांब दस्ता खांद्यावरून निसटला आणि बार गेला.

डुक्कर किंचाळलं आणि जाळीत घुसलं. हाक्याच्या गलक्यात ती किंचाळी एकट्या गुणाजीला ऐकू आली.

तो धावत तिथे गेला. कुड्याच्या झुडपाच्या पानावर रक्त होतं. हाकेवाले अजून वरच होते. गुणाजी त्या पानाकडे बघत उभा राहिला. त्याला ओटीवरचं मडकं दिसलं. पहिल्याच शिकारीला अळणी! एवढ्या मोठ्या बंदुकीनं, एवढ्या मोठ्या दुर्बिणीनं! त्यानं पान तोडलं, चुरगाळलं आणि दगडाखाली सारलं. जमिनीवरचे थेंब पायानं मातीत मिळवले.

"काय झाला?" लोकांनी खाली येऊन विचारलं.

"हुकला," गुणाजी म्हणाला.

"हुकला तर हुकला. पुढच्या टायमाला लागंल," असं म्हणून लोक घरी गेले. कोणी त्याला बोल लावला नाही. तेच त्याला फार लागलं.

घरी बायकोनं, द्रुपदीनं, ताट वाढलं. भाकरी आणि कुळथाची पिठी. गुणाजीनं पहिला घास घेतला आणि मीठ जिभेला लागलं. असं आणि इतकं ते त्याला कधीच लागलं नव्हतं. त्यानं घास गिळला. दुसराही गिळला. द्रुपदी बघत होती.

"खारट झाली काय?"

"नाय. बरी हाय."

मडकं चुलीजवळच राहिलं. एक दिवस गेला, दोन गेले. जखमी जनावर मरून पडलं असेल, असं गुणाजी स्वतःला सांगत होता. एकट्यानं जाऊन माग काढावा, असं रोज सकाळी त्याच्या मनात येई. पण बंदूक घेऊन रानात निघाला तर लोक विचारणार, कशाला चाललास? म्हणून तो गेला नाही. खोटं बोलणं एका शब्दाचं काम होतं. ते सांभाळणं आता रोजचं काम झालं होतं.

चौथ्या दिवशी गावातल्या बाया गवत कापायला त्याच रानाच्या कडेला गेल्या. चंद्रा सगळ्यांच्या पुढे होती. करवंदीच्या जाळीपाशी तिनं गवताला विळा घातला आणि जाळीतून डुक्कर सरळ तिच्या अंगावर आलं. बायांनी आरडाओरडा केला, विळे फेकले, तेव्हा ते परत जाळीत घुसलं. चंद्राची मांडी गुडघ्यापासून वर फाटली होती. बायांनी तिला लुगड्याच्या झोळीतून गावात आणलं. वैदू म्हणाला, जीव वाचेल, पाय कसा होईल ते देवाला ठाऊक.

देवळापुढे गाव गोळा झालं. धाकू आजा पायरीवर बसला होता. त्याची काठी धरायला आज कोणी नव्हतं.

"बिनजखमी डुक्कर असा अंगावर येत नाय," आजा म्हणाला. "ह्याला कोनाचा तरी बार लागलेला हाय."

कोणी म्हणालं, गुणाजीचा तर हुकला. मग पलीकडच्या गावच्या शिकाऱ्याचा असणार. त्यानंच जखमी करून सोडलं आणि आपल्या रानात हाकललं. बघता बघता सगळ्यांना ते पटलं. बाप्ये उठले. कोणी कोयते घेतले, कोणी काठ्या. आज त्या शिकाऱ्याला जाब विचारायचाच, असं म्हणू लागले. कोयते घेऊन गेलेली माणसं नुसता जाब विचारून परत येत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

गुणाजी कडेला उभा होता. आजाला दिसत नव्हतं. कुड्याचं पान दगडाखाली कुजलं होतं. तो गप्प राहिला असता तर त्याला कोणीही कधीही पकडलं नसतं. ही गोष्ट त्यालाही ठाऊक होती.

तो वळला आणि घरी गेला. लोकांना वाटलं, बंदूक आणायला गेला. तो चुलीजवळचं मिठाचं मडकं दोन्ही हातांनी धरून बाहेर आला. ते ओटीवर ठेवलं, अगदी कडेला, सगळ्यांना दिसेल असं. मग गावापुढे येऊन उभा राहिला.

"बार माजा व्हता," तो म्हणाला. "मी रगात बघितला. पान लपवला. पल्याडच्या मानसाचा काय नाय. माजीच चूक."

कोयते खाली आले. कोणी शिवी दिली नाही. द्रुपदी ओटीच्या खांबाला धरून रडत होती. आजा काठीवर जोर देऊन पायरीवरून उठला. मग म्हणाला, "आदी त्याला शोद. त्याला चार दिस दुखतंय."

गुणाजीनं दुर्बीण काढून घरात ठेवली आणि उरलेल्या दोन काडतुसांसह रानात गेला. दोन दिवस माग काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या वळणावर ते डुक्कर चिखलात पडलेलं दिसलं. मागचा पाय सुजून निकामा झाला होता. ते उठलं आणि त्याच्यावर आलं. ते दहा पावलांवर येईपर्यंत गुणाजी हलला नाही. एकच बार काढला. मग त्याच्याजवळ बसून राहिला आणि त्याला रडू आलं, चंद्रासाठी आणि त्या मुक्या जनावरासाठीही.

जनावर सापडलं होतं, अळणी संपली होती. पण गुणाजीनं मडकं आत नेलं नाही. चंद्रावैनी आपल्या पायांनी चालेपर्यंत मी मीठ खाणार नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. द्रुपदीनं दोनदा समजावलं, मग तीही त्याच्याबरोबर अळणी जेवू लागली.

रायफल घेऊन तो पुन्हा शहरात गेला. तय्यबभाईंनी काही विचारलं नाही. बंदूक परत का येते, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. त्यांनी तिचा जो भाव येत होता तो दिला. कमी पडलं ते गुणाजीनं स्वतःची म्हैस विकून भरलं. ओरखड्याची रायफल अजून कोपऱ्यातल्या घोडीवरच होती. तिच्याबरोबर त्यानं काडतुसांचे चार डबे आणले. या वेळी कुंकू नव्हतं, नारळ नव्हता. दुर्बिणीत बघायला रांगही लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो गावाबाहेरच्या उघड्या उतारावर जाऊ लागला. कुंभाराकडची फुटकी मडकी मांडायची, तीस पावलांवर उभं राहायचं आणि नेम धरायचा. रोज तीनच बार. गाव आपापली कामं करत कान देऊन ऐके. बारानंतर खापराचा आवाज आला नाही की धाकू आजा ओटीवरून म्हणे, "डावीकडं गेला." पौषात आवाज क्वचित येई. माघात तीनांतले दोन येऊ लागले. फाल्गुनात एक दिवस तिन्ही आले, आणि आजानं नातवाकडून तंबाखू मागून घेतली.

चैत्र लागला. पावसाळ्याआधी लाकूडफाटा भरून ठेवायचे दिवस. एका सकाळी गुणाजी ओटीवर बसून रायफलीचा बोल्ट पुसत होता. अंगणात काठी वाजली. त्यानं वर पाहिलं तर चंद्रा. सासऱ्याची काठी आता तिच्या हातात होती. एक पाय ओढत, थांबत थांबत ती ओटीपर्यंत आली.

गुणाजी उठून उभा राहिला. बोल्ट त्यानं बाजूला ठेवला.

चंद्रानं मडक्यावर काठी टेकवली. "ह्यो आत कदी न्हेनार, भावजी?"

"वैनी, तुमचा पाय बरा व्हईपर्यंत माज्या गळ्याखाली मीठ उतरत नाय."

"माजा पाय हाय असाच ऱ्हानार," चंद्रा म्हणाली. "तुमी अळणी खाल्लीत म्हनून तो सरळ व्हनार नाय. पन ह्यो मडका भायर हाय तोवर, त्यो डुक्कर मेला ते ठाव असूनबी, गावातली एकबी बाय ह्या रानात जात नाय. सगळ्या पल्याडच्या डोंगरावर जातात, दुप्पट चाल पडते. पानी आनायला जाताना आमी पैला ही ओटी बघतो. मडका आत असला तर रान मोकळा. भायर असला तर रानात जखमी जनावर हाय. बाप्यांना ती शिक्षा वाटते. आमी बाया त्याच्यावरनं पाय कुटं टाकायचा ते ठरवतो."

गुणाजीनं मडक्याकडे पाहिलं.

"त्या दिशी मी ही ओटी बघूनच गेलेली," चंद्रा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मडका आत व्हता, म्हनून पुढं झाले. आता उद्या खरोखर कुटला जनावर जखमी झाला, तर आमाला कळनार कसा? मडका तर रोजच भायर. तेवाबी तुमी तुमच्या मानाचाच बघितलात, आन आताबी तुमच्याच मनाचा बघताय."

गुणाजीला लाज वाटली, पण ही लाज वेगळी होती. पहिल्या लाजेनं त्याच्याकडून पान लपवलं होतं. या लाजेनं त्याला सरळ उभं केलं. त्यानं खाली वाकून मडकं उचललं. चंद्रानं झाकण काढलं, चिमूटभर मीठ घेतलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

"खावा," ती म्हणाली. "लाकडा आनायची हायत."

त्यानं ते तिच्यासमोर खाल्लं आणि मडकं आत नेऊन चुलीजवळ ठेवलं. त्या दिवशी दुपारी काजरवण्याच्या बाया कोयते घेऊन जवळच्या रानात गेल्या.

गुणाजी पुढे पुष्कळ वर्षं गावाचा शिकारी होता. त्यालाही पाच-सहा वेळा अळणी धरावी लागली. प्रत्येक वेळी रानातून घरी आल्यावर तो हातपाय धुण्याआधी मडकं उचलून बाहेर ठेवायचा आणि मगच काय झालं ते सांगायला बसायचा.

तात्पर्य: साधन असं निवडावं की ते घेतल्यावर ते शिकण्याइतकं बळ आपल्यापाशी उरेल, मिरवण्यासाठी घेतलेलं साधन चूक करवतं आणि ती लपवायलाही लावतं. आणि चूक झालीच, तर आपली लाज किंवा आपलं प्रायश्चित्त यांचा विचार नंतर करावा. त्या चुकीच्या वाटेवर ज्यांचे पाय पडणार आहेत, त्यांना आधी सावध करावं.